मदत हवी आहे: आबांना आयसीयूत हलवलं आणि रक्त पातळ करायच्या इंजेक्शनचा डोस उलट कमी केला, असं का?

पंचगंगा_घाट:
नमस्कार मंडळी, आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर बसून मोबाईलवर टाईप करायलोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आमचे आबा, वय ६६, वजन ६० च्या आसपास, मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर आयुष्यभर दिवाणजी होते. मागच्या आठवड्यात ताप-खोकला आला, आम्हाला वाटलं पावसात भिजलेत म्हणून, मग दम लागायला लागला, बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन ८८ दिसला तसं रात्रीच उचलून राजारामपुरीकडच्या एका हॉस्पिटलात नेलं. रिपोर्ट कोविड पॉझिटिव्ह. हो, अजून होतो, मलाही वाटलेलं गेला म्हणून.

वॉर्डात होते तोवर साधा ऑक्सिजनचा मास्क आणि पोटात एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन, ६० चं, सकाळ-संध्याकाळ. चौथ्या दिवशी ऑक्सिजन पुरेना म्हणून आयसीयूत घेतलं, नाकात जोरात हवा सोडणारं हाय फ्लोचं मशीन लावलं. आणि त्याच दिवसापासून इंजेक्शन ४० चं, ते पण दिवसातून एकदाच. म्हणजे दिवसाला १२० होतं ते थेट ४० वर! आम्हाला कळलंही नसतं, पण आबांच्या उशाखाली छोटी वही असते, त्यात कुठली सुई किती वाजता सगळं जमाखर्चासारखं लिहितात. मला आत सोडलं तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं, नुसती वही पुढं केली आणि ‘सुया २’ खोडून ‘१’ केलेलं बोटानं दाखवलं.

दादा पुण्यात असतो, तो फोनवर तापलाय. म्हणतो पेशंट सिरियस झाला की औषध वाढवतात का कमी करतात, फुप्फुसात गुठळ्या होतात हे २०२१ ला सगळ्या जगानं बघितलंय, यांनी आशा सोडली काय, तू जाऊन डोस वाढवायला सांग. त्यात डी-डायमरचा, म्हणजे गुठळ्यांचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा घोळ. भरती व्हायच्या आधी बाहेरच्या लॅबमध्ये ९५०, हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी १९००, आता २१००. दादाच्या मते एका रात्रीत दुप्पट झालं आणि तरी डोस कमी. मोठे डॉक्टर राउंडला येतात, ‘प्रोटोकॉल आहे’ एवढंच म्हणून पुढच्या बेडकडं जातात. मला भांडायचं नाही, पण विचारायचं काय आणि कसं तेच कळंना झालंय. कुणाला यातलं माहीत असेल तर प्लीज सांगा.

अजून एक, २०१९ ला आबांना एक स्टेंट बसवलाय, तेव्हापासून इकोस्प्रिन ७५ (ॲस्पिरिनची रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे. क्रिएटिनिन, ती किडनीची तपासणी, १.२ होतं ते काल १.६ आलं.

तांबडा_पांढरा:
भावा धीर सोडू नको. आमच्या चुलत्यांना पण असंच झालेलं, आता रोज रंकाळ्याला दोन चकरा मारत्यात. इंजेक्शनचं मला काय कळत नाही पण रक्त पातळ करायला कच्चा लसूण लई भारी, घरनं डब्यातनं दे रोज चार पाकळ्या, कुणाला विचारायचं पण काम नाही.

कागलची_सिस्टर:
लसूण अजिबात नको हो दादा, हाय फ्लोवरच्या माणसाला कच्च्या पाकळ्या चावायला देताय होय. आणि न विचारता तर काहीच नाही.

पंचगंगा_घाट, मी चौदा वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली सहा आयसीयूत. डोस ठरवणं माझं काम नाही पण एवढं सांगते की ह्या इंजेक्शनचे दोन वेगळे डोस असतात. एक गुठळी होऊ नये म्हणून, तो ४० चा एकदा, अंथरुणाला खिळलेल्या बहुतेक पेशंटला देतात. दुसरा गुठळी झालेलीच आहे म्हणून, तो वजनावर, किलोला १ मिलिग्राम दर बारा तासांनी. ६० किलोला ६० दोनदा, तुमच्या आबांना वॉर्डात तोच चालू होता. म्हणजे ४० दिला तर औषध बंद केलं असं नाही.

डी-डायमरच्या कागदावर आकड्यापुढं युनिट बघा. काही लॅब एफईयूमध्ये देतात, काही डीडीयूमध्ये, आणि एफईयूचा आकडा साधारण दुप्पट येतो. एकात ९५० आणि दुसऱ्यात १९०० म्हणजे एकच गोष्ट असू शकते. ह्यावरून आमच्याकडं नातेवाईकांची किती भांडणं झालीत विचारू नका.

आता तुम्ही मला सांगा, घरातनं आबांना काही गोळ्या देताय का? खरं सांगा. आम्ही चार्ट बघून औषध देतो आणि उशीखालनं निघतं भलतंच.

पंचगंगा_घाट:
ताई, युनिट बघितलं. तुम्ही म्हणता तसंच आहे, बाहेरच्या लॅबचं डीडीयू आणि हॉस्पिटलचं एफईयू. दादाला फोटो पाठवलाय, अजून रिप्लाय नाही, म्हणजे पटलंय.

गोळ्यांचं विचारलं तसं आईकडं बघितलं तर ती गप्पच. मग म्हणाली, गुडघे दुखायलेत म्हणून त्यांनीच मागितली, पेठेतल्या मेडिकलमधली ती नेहमीची दुखण्याची गोळी, रोज एक द्यायचे डब्याबरोबर. वॉर्डात असल्यापासून! वर इकोस्प्रिन पण घरची देत होती, आणि ती चार्टवर पण आहे, म्हणजे दोनदा जात होती. मला काय बोलावं सुचेना. आणि वहीत गोळ्या लिहिलेल्याच नाहीत, कारण आबांच्या हिशेबात घरची गोळी म्हणजे औषध नव्हेच.

कागलची_सिस्टर:
आत्ताच्या आत्ता आत जाऊन ड्यूटी डॉक्टरला सांगा, उद्याच्या राउंडची वाट बघू नका. गोळीची पट्टी दाखवा. ओरडतील, ओरडू देत. दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, किडनीवर पण ताण येतो, आणि इकोस्प्रिन नि हे इंजेक्शन सोबत असलं की धोका अजून वाढतो. शौचाला डांबरासारखं काळं होतंय का, लघवी लाल आहे का, हिरड्यातनं रक्त येतंय का, तेही सांगा. पोटावर सुईच्या जागी निळंकाळं दिसलं तर त्याला घाबरू नका, ते होतं, फक्त चोळू नका. आणि आईंना बोलू नका फार.

मिरज_रेसिडेंट:
नाईट ड्यूटीत धागा दिसला. मी मेडिसिनला दुसऱ्या वर्षाला आहे, आबांना तपासलेलं नाही त्यामुळं त्यांच्या डोसवर मत देणार नाही. पण ‘सिरियस झाला आणि डोस कमी केला’ हे ऐकायला उलटं वाटलं तरी त्यामागं कारण आहे, ते सांगतो.

२०२० मध्ये आपल्यासारखंच डॉक्टरांनाही वाटत होतं की गुठळ्या होतात तर पूर्ण डोस, म्हणजे सिस्टरांनी सांगितलेला वजनावरचा, सगळ्यांनाच देऊया. मग अटॅक, ॲक्टिव्ह-४ए आणि रीमॅप-कॅप अशा तीन अभ्यासांनी मिळून तपासून बघितलं, निकाल २०२१ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. वॉर्डातले, हाय फ्लो किंवा व्हेंटिलेटर न लागलेले सुमारे २२०० पेशंट: पूर्ण डोसवाल्यांत शंभरातले ८० जण तसल्या कुठल्याच मशीनशिवाय बरे होऊन घरी गेले, नेहमीच्या कमी डोसवाल्यांत ७६. म्हणजे फायदा होता, थोडा पण होता. आयसीयूतले सुमारे ११०० पेशंट: पूर्ण डोसवर ६२.७ टक्के वाचले, कमी डोसवर ६४.५. फायदा शून्य, आणि मोठा रक्तस्राव २.३ वरून ३.८ टक्क्यांवर गेला. आयसीयूचा भाग तर मध्येच थांबवला, पुढं नेऊनही फायदा दिसण्यासारखा नव्हता. आणि त्या अभ्यासात हाय फ्लो लागलेला माणूस सिरियस गटातच धरलेला होता, तुमचे आबा आता त्यात बसतात.

असं का होत असेल यावर बरीच चर्चा आहे. मला पटलेलं असं: हेपरिनच्या जातीची औषधं (एनॉक्सापॅरिन त्यातलंच) झालेली गुठळी विरघळवत नाहीत, नवी होऊ देत नाहीत आणि आहे ती वाढू देत नाहीत. फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांची सूज एकदा पुढं गेली की तिथं जास्त औषध ओतून हाती फार लागत नाही, पण पोटात, मेंदूत रक्तस्रावाचा धोका मात्र पूर्ण राहतो. म्हणून वॉर्डात पूर्ण डोस चालू असलेला पेशंट आयसीयूत आला की डोस प्रतिबंधकावर, म्हणजे ४० एकदा वर आणतात, बऱ्याच गाईडलाईन्समध्ये हेच आहे. आशा सोडल्याचं लक्षण नाही ते.

मोठा अपवाद एक. पायात किंवा फुप्फुसात गुठळी खरंच सापडली असेल तर आयसीयूत असो नाहीतर कुठंही, पूर्ण डोसच. म्हणून डॉक्टरांना ‘डोस वाढवा’ म्हणू नका, असं विचारा: पायांचा डॉपलर (गुठळी बघायची सोनोग्राफी) झालाय का? फुप्फुसातली गुठळी बघायला सीटी ॲन्जिओची गरज वाटते का? क्रिएटिनिन १.६ झालंय तर ह्या इंजेक्शनच्या डोसचा हिशेब परत केलाय का? कारण एनॉक्सापॅरिन किडनीवाटे बाहेर पडतं, किडनी मंदावली की अंगात साठतं. काही वेळा मग साधं हेपरिन देतात, त्याचा असर काही तासांत उतरतो. आणि प्लेटलेट्स दर दोन-तीन दिवसांनी बघतायत ना तेही विचारा, हेपरिनवर पाचव्या ते दहाव्या दिवसात त्या कधी कधी अचानक निम्म्यावर येतात, क्वचित होतं पण बघावं लागतं.

हे आकडे कोविडचे आहेत हां. उद्या कुणी साध्या फ्लूच्या पेशंटला लावायला जाऊ नका.

तांबडा_पांढरा:
डॉक्टरसाहेब एक नंबर. लसूण मागं घेतला.

पंचगंगा_घाट:
सगळ्यांचे आभार, उशिरा अपडेट देतोय. त्या रात्रीच गोळीची पट्टी नेऊन दाखवली. ड्यूटी डॉक्टर मुलगी लहानच होती वयानं, ओरडली नाही, नुसतं कपाळाला हात लावला आणि फाईलवर लाल पेनानं लिहिलं. हिमोग्लोबिन परत काढलं, ११.८, आधीच्यापेक्षा थोडंसंच कमी. शौचाचं ठीक आहे. सकाळी मोठ्या डॉक्टरांना तुम्ही सांगितलेलं जसंच्या तसं विचारलं तर ते चक्क थांबले. डॉपलर आदल्या दिवशीच झालेला, दोन्ही पाय क्लिअर. एको पण केला, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण नाही म्हणाले, म्हणून सीटीला एवढ्यात हलवत नाहीत. ४० च चालू ठेवलं. दुखण्याची गोळी बंद झाल्यापासून क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी १.३.

दादाला रेसिडेंट साहेबांचा मेसेज वाचून दाखवला, दोनदा वाचायला लावला. मग म्हणाला, तरी एकदा विचारून बघायला काय हरकत होती. असो.

काल संध्याकाळी हाय फ्लो काढून परत साधा मास्क लावलाय, उद्या वॉर्डात हलवतील असं दिसतंय. आबांनी वहीत लिहून विचारलंय, ‘सुया परत २ का?’

मिरज_रेसिडेंट:
छान बातमी. वॉर्डात गेले म्हणून आपोआप परत ६० दोनदा होत नाही. आता आजार उताराला लागलाय, त्यात इकोस्प्रिन आहे, किडनीला मध्ये त्रास झालेला, हे सगळं धरून तिथले डॉक्टर ठरवतील. आबांना सांगा, तूर्तास १.

कागलची_सिस्टर:
आणि गुडघ्याचं तेवढं आधीच विचारून ठेवा डॉक्टरांना, काय चालेल ते फाईलवर लिहून घ्या. नाहीतर वॉर्डात आल्याबरोबर आई परत तीच पट्टी काढतील पिशवीतनं.

पंचगंगा_घाट:
पिशवी तपासली ताई. अजून एक पट्टी निघाली.