कमी खर्चात स्पोर्ट क्वाड पळवायची, तर आधी हात कुठे घालायचा?

मागचा_एक्सल (धागाकर्ता)
क्वाड, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी, घेतली की लगेच सायलेन्सर बदलायचा, ही आता रीतच होऊन बसली आहे. आवाज दणदणीत येतो, म्हणून गाडी पळायला लागली असं वाटतं. माझं मत असं, की पैसे मोजके असतील तर इंजिनाला हात लावू नका. पहिला खर्च पुढच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चकतीवर, करा. एक दात कमी, बस.

हिशेब बघा. पुढे 14 आणि मागे 38 दात असतील तर गुणोत्तर होतं 2.71. पुढचे 13 केले की 2.92. म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकांवर येणारा टॉर्क (फिरवणारा जोर) साधारण 8 टक्क्यांनी वाढला. इंजिनातून एवढं काढायचं तर सायलेन्सरचा पाईप, एअर फिल्टर, जेट (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा तुकडा) सगळंच बदला, आणि तरी हमी नाही. वळणातून बाहेर पडताना दुसरा गिअर संपलेला असतो आणि तिसरा ओढत नाही, ते रडगाणं यानं बरंचसं थांबतं.

धुरळा
असहमत. हे म्हणजे एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात. ताकद तेवढीच राहिली, वर टॉप स्पीड 7 टक्क्यांनी गेला. मोकळ्या मैदानात शेवटच्या गिअरला इंजिन नुसतं बोंबलत बसेल. शिवाय पुढचं स्प्रॉकेट लहान झालं की चेन जास्त वाकते, स्विंगआर्मवरच्या (मागचा एक्सल धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीला घासते, लवकर झिजते. त्यापेक्षा एअरबॉक्सचं, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याचं, झाकण काढा. शून्य खर्च, इंजिन मोकळा श्वास घेतं, वरच्या आरपीएमला फरक लगेच कळतो.

जेटनीडल
@धुरळा, शून्य खर्च? झाकण काढलं की हवा वाढली. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला ते कोण सांगणार? पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिश्रण पातळ. एअर-कूल्ड इंजिन असेल तर उष्णता वाढते आणि पिस्टनवर येतं. पूर्ण जळणासाठी हवा-पेट्रोल प्रमाण वजनानं 14.7 ला 1 लागतं, पण ताकद मिळते ती 12.5 ते 13 च्या आसपास. थोडं जाड, म्हणजे जास्त पेट्रोलचं, मिश्रणच हवं असतं. म्हणून झाकण काढायचं तर मेन जेट मोठा घालायलाच लागतो.

जेट ही मात्र खरंच स्वस्त गोष्ट आहे. पितळेचा एवढासा तुकडा. पूर्ण थ्रॉटलवर जोरात चालवा, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. पांढराफटक असेल तर पातळ, काजळी धरली असेल तर जाड, फिकट तपकिरी असेल तर जमलं. मेन जेट काम करतो तो पाऊण थ्रॉटलच्या वर. मधल्या टप्प्यात गाडी अडखळत असेल तर कार्ब्युरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच सरकवून बघा. लोक इथे मेन जेट बदलत बसतात आणि मग म्हणतात फरक पडत नाही. कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना फ्युएल कंट्रोलर (पेट्रोल किती सोडायचं ते बदलणारा इलेक्ट्रॉनिक डबा) लागतो, आणि तो आला की 'कमी खर्च' हा शब्द विसरायचा.

धुरळा
जेट घालायचा हे मी गृहीतच धरलं होतं. झाकण अधिक जेट, तरीही पाईपपेक्षा कितीतरी स्वस्त.

जेटनीडल
गृहीत धरलेलं लिहायचं असतं. वाचणारा झाकण आजच काढतो, जेट पुढच्या महिन्यात आणतो. आणि झाकण नसलं की चिखलपाणी थेट फिल्टरवर, हेही सांगून टाका. फिल्टरच्या फोमला तेल नीट लावलं नसेल तर धूळ सिलिंडरपर्यंत जाते.

सावकाश_चला
तुम्ही सगळे इंजिनाभोवतीच फिरताय. धागाकर्त्याचं स्प्रॉकेटसुद्धा त्याच कुळातलं. चाकं जमिनीला धरत नसतील तर वाढलेला टॉर्क नुसती माती उडवणार.

फुकटातलं आधी करा. या टायरांना बहुधा 4 ते 6 पीएसआयच हवा लागते. साध्या गेजवर एवढ्या खाली काटा भरवशाचा नसतो, त्यामुळे कमी दाबाचा गेज घ्या. खर्च एवढाच. मागचा एक्सल अखंड असतो, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नाही. दोन टायरांत हवा कमीजास्त झाली तर त्यांचा घेर बदलतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते. मग माणूस हँडलला दोष देतो!

दुसरं, सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते. मागचा भाग उचलून शॉक पूर्ण लांब होऊ द्या, फ्रेमवर खूण करून जमिनीपासूनचं अंतर मोजा. मग हेल्मेट-बूट घालून वर बसा आणि दुसऱ्याला पुन्हा मोजायला सांगा. दोन मापांतला फरक एकूण ट्रॅव्हलच्या (चाकाच्या वरखाली हालचालीच्या) साधारण एक तृतीयांश हवा. जास्त बसत असेल तर प्रीलोड वाढवा. एक पाना आणि एक टेप, बाकी काही लागत नाही.

चिखल्या
व्हील स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या) कसे? गाडी रुंद होते, वळणात उलटायची भीती कमी. लांब ए-आर्मच्या (पुढचं चाक धरणाऱ्या ए आकाराच्या दांड्यांच्या) मानाने फारच स्वस्त पडतात.

सावकाश_चला
मागे चालतील. पुढे लावले की चाक बाहेर जातं, बेअरिंग आणि बॉल जॉइंटवर तरफेचा ताण वाढतो, हँडल जड होतं आणि प्रत्येक दगड मनगटाला जाणवतो. ए-आर्मने रुंदी येते, पण चाकाची भूमिती फारशी बिघडत नाही. स्वस्त पडतात ते उगीच नाही.

मागचा_एक्सल
हवा आणि प्रीलोडबद्दल वाद नाही, फुकट आहे ते कोण सोडतो? प्रश्न होता पहिला *खर्च* कशावर.

@धुरळा, खिशाची उपमा चांगली आहे, पण झाडीतल्या वाटेवर तुझा तो टॉप स्पीड कधी लागतो ते सांग. मैदानात पळवणाऱ्याने 14 च ठेवावेत, कबूल. चेनची काळजी असेल तर पुढे 14 च ठेवून मागे 41 दातांचं घाल, गुणोत्तर 2.93, जवळपास तेवढंच. पण मग एक्सल साधारण 12 मिलिमीटर पुढे घ्यावा लागतो. तेवढी जागा नसेल तर चेन लांब आणा, आणि मोठी चकती खाली दगडांना आपटणार ती वेगळीच. पुढे एक दात कमी केला तर एक्सल फक्त 4 मिलिमीटर मागे.

धुरळा
मग मागे 20 ऐवजी 18 इंची टायर घाल की. गिअरिंग 10 टक्के खाली येतं, गाडीही एक इंच बसते, वळणात बरी.

मागचा_एक्सल
आणि तो इंच जातो चेन-स्प्रॉकेटच्या खालून. सपाट ट्रॅकवर चालेल, दगडधोंड्यांत नाही. शिवाय दोन टायर आणि एक स्प्रॉकेट यांच्या किमती शेजारी ठेवून बघ, मग बोलू.