अनुभव धागा : हे गीत रविवारी घ्यायचं की नाही, तुम्ही कसं ठरवता?

पेटीमास्तर, पुणे

शनिवारी संध्याकाळी सहाला आमच्या चर्चमध्ये गीतांची प्रॅक्टिस असते. गेल्या महिन्यात एका शनिवारी साडेसात वाजले तरी पेटीचा भाता उघडला नव्हता. तरुण संघातल्या एका मुलाने फोनवर नवीन गीत ऐकवलं. हिंदी, ड्रम्स दणदणीत. आमचे एक ज्येष्ठ काका म्हणाले, "ही उपासना नव्हे, हा डिस्को." मुलगा म्हणाला, "पेटी तरी कुठे मोशेनं आणली होती?" मग जे पेटलं ते सांगण्यात अर्थ नाही. पाळकसाहेबांनी दारातून डोकं आत घातलं, "तुम्हीच ठरवा, मला फक्त यादी द्या" म्हणाले आणि सटकले.

मुलाचा मुद्दा तसा बरोबरच होता. पेटी युरोपातून आली. ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी घातली होती, कारण तिच्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. आज तीच पेटी काकांना 'आपली' वाटते आणि गिटार परदेशी!

यादी मीच दिली. चार गीतं, चारही 'उपासना संगीत' या आमच्या जुन्या गीतपुस्तकातली. रविवारी कोणी भांडलं नाही. पण रात्री मला झोप लागेना, ती वेगळ्याच कारणाने. त्या नव्या गीताच्या दुसऱ्या कडव्यात एक ओळ होती, विश्वास ठेवणाऱ्याच्या घराला आजार शिवणार नाही अशा अर्थाची. आमच्याकडे डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या बाईंचे यजमान आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. त्यांनी ती ओळ टाळ्या वाजवत म्हणायची? दीड तास आम्ही ड्रमवरून भांडलो आणि त्या ओळीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीसुद्धा नाही.

म्हणून विचारतोय. एखादं गीत कधी थांबवलंत, कधी हट्टाने घेतलंत, कधी तोंडघशी पडलात, ते लिहा. वचनं फेकून मारू नका, स्तोत्रं-गीतं गा म्हणणारं इफिसकरांस ५:१९ सगळ्यांना पाठ आहे.

सुरुवात माझ्यापासून. वीसेक वर्षांपूर्वी नाताळच्या कार्यक्रमाला संडे स्कूलच्या मुलांना एका गाजलेल्या सिनेमाच्या चालीवर येशूजन्माचं गीत बसवून दिलं. पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्याला मेंढपाळ झालेला सात वर्षांचा एक पोरगा शब्द विसरला आणि त्याने सिनेमातले मूळ शब्द उचलले. मागचे देवदूत आणि मेंढरंही त्याच्या मागे. पंधरा पोरं गव्हाणीपुढे उभी राहून नायिकेच्या कमरेचं वर्णन करत होती. तेव्हापासून, ज्या चालीत दुसरे शब्द आधीच राहायला आलेत तिच्या वाटेला मी जात नाही.

भीमाकाठची

आमचं माहेर माळकऱ्यांचं, वडील दर आषाढीला वारीत. माझा बाप्तिस्मा लग्नानंतर, १९९८ साली झाला. पहिली चारेक वर्षं मला चर्चमधल्या गाण्यांत राम वाटत नव्हता (शब्द कसा आला बघा, राहू दे). इंग्रजी चाली, त्यावर मराठी शब्द कोंबलेले. एका गीतात 'नवजीवन' असा शब्द होता. चालीवर त्याचे दोन तुकडे पडायचे, आधी 'नव जी' आणि मग लांबलचक 'वन'. मी बरेच दिवस समजत होते की प्रभूने आपल्याला नवं जंगल दिलंय.

मग नगरला सासूबाईंच्या माहेरी संध्याकाळच्या प्रार्थनेत रेव्हरंड ना. वा. टिळकांचा अभंग ऐकला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण कवी, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचा. खाली सतरंजी, पेटी, ढोलकी, टाळ. कुणीतरी माझ्या हातात टाळ दिले आणि हातांना काही शिकवावं लागलं नाही.

पुढे माझी आई आमच्याकडे राहायला आली. प्रार्थनेला ती बसत नसे, मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी घासत राही. एके दिवशी तोच अभंग सुरू झाला आणि आतला भांड्यांचा आवाज थांबला. तिसऱ्या खेपेला ती आतूनच ध्रुपद धरत होती. चाल तिच्या ओळखीची, नाव वेगळं. बाहेर काही आली नाही. रात्री भाकरी थापताना एवढंच म्हणाली, "तुमच्यातबी म्हणत्यात व्हय."

आमच्या मंडळीत काहींना हे वळण अजून खटकतं. 'जुन्या माणसाचं', म्हणजे बाप्तिस्म्याआधीच्या जगण्यातलं, म्हणतात. मी वाद घालत नाही, टाळ पिशवीत घेऊन जाते.

दिवटीवाला

ताई, तुमचं वाचून लिहितोय, कारण माझं नेमकं उलट आहे. आमचं घर गोंधळ्यांचं. दहा-बारा वर्षांचा असल्यापासून वडलांच्या मागे दिवटी धरून मी रात्र रात्र उभा राहिलोय. एक वर्षी आमच्याकडे उपास-प्रार्थनेला बाहेरगावची टीम आली आणि 'आपली संस्कृती' म्हणून संबळ घेऊन आली. शब्द सगळे येशूचे, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण पहिली काडी पडली आणि माझ्या नाकात तेलाचा, जळक्या चिंधीचा वास आला. पाय थरथरायला लागले. मी उठून बाहेर चपलांपाशी जाऊन बसलो.

तर त्या टीमचा पुढारी माझ्या मागे आला आणि डोक्यावर हात ठेवून दुष्टात्मा काढायला लागला. काढतोय, काढतोय, मी गप्प. मला दुष्टात्मा लागला नव्हता हो, मला वडील आठवले होते.

मूर्तीला दाखवलेलं मांस खावं का, आणि त्याने दुबळा भाऊ अडखळत असेल तर नको, हा पौलाचा धडा वाचतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मांस येत नाही, संबळ येतो. वाद्याचा दोष आहे असं मी म्हणणार नाही, बंदीही मागितली नाही. आमचा ढोलकीवाला, मी समोर बसलेलो असलो की तो ठेका टाळतो. मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्यानेच ओळखलं.

वसईची कॉयरवाली

आम्हा कॅथलिकांचं थोडं वेगळं. मिस्सात, म्हणजे आमच्या उपासनेत, कुठे काय गायचं ही चौकट वरून ठरून येते, त्यामुळे भांडायला जागा कमी, असं बाहेरच्यांना वाटतं. कसली कमी!

माझे आजोबा लॅटिन मिस्सा तोंडपाठ गायचे. अर्थ विचारला की "देवाला कळते" म्हणायचे. त्यांच्या वेळी नियम होता पोप दहावे पायस यांचा, १९०३ चा. त्यात पियानो आणि ढोल-झांजांसारखी दणदणाटी वाद्यं चर्चमध्ये सरळ मना होती. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे रोममध्ये जमलेल्या जगभरच्या बिशपांनी, जुन्या लॅटिन ग्रेगोरियन गायनाचा मान राखून लोकभाषेला आणि त्या त्या लोकांच्या संगीताला दार उघडलं. आजोबांनी जे वाजवलं असतं तर फादरने बाहेर काढलं असतं, ते माझ्या बाबांनी फादरच्या सांगण्यावरून वाजवलं. गोव्यात त्याहून मजा. फादर स्टीफन्सचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण १६१६ साली तिथेच छापलं गेलं, आणि १७३६ च्या इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) फर्मानाने ख्रिस्ती लग्नातल्या ओव्या बंद केल्या.

माझा अनुभव मात्र मामाच्या मयताचा. त्याच्या मुलींना कम्युनियननंतर (पवित्र भाकर घेतल्यावर) त्याचं आवडतं जुनं सिनेमाचं गाणं हवं होतं. फादर नाही म्हणाले. मी कॉयर बसवणारी, म्हणजे दोन्हीकडून मार मलाच. बहिणी म्हणाल्या, "त्याने आयुष्यभर चर्चचा बेंच झिजवला, त्याला एक गाणं नाही?" मला उत्तर सुचलं नाही. आम्ही स्तोत्र २३ गायलो. दफन झाल्यावर फाटकाबाहेर रस्त्यावर आमच्या बँडवाल्या चुलतभावाने ट्रम्पेट काढला आणि तेच गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. रिक्षा थांबल्या. फादर झगा काढून हातावर टाकून उभे होते, गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. बहिणी अजून माझ्याशी जरा तुटकच बोलतात. पण आज विचारलंत तर मी पुन्हा तसंच करीन, आत स्तोत्र आणि बाहेर ट्रम्पेट.

शब्दांचं म्हणाल तर कम्युनियनची गीतं मी चाळून घेते. अमेरिकेतल्या बिशपांच्या समितीने २०२० साली गीतांचे शब्द तपासायला एक मार्गदर्शिका काढली. ख्रिस्ताच्या शरीर-रक्ताला नुसतंच भाकरी आणि द्राक्षारस म्हणून सोडणाऱ्या गीतांवर त्यांचा आक्षेप आहे. ती वाचून आमच्या वहीतली दोन गोड गीतं मी कम्युनियनमधून काढली. एक अजून गुणगुणते, पण भांडी घासताना.

दुबईचा बाप

माझा मुलगा पंधरा वर्षांचा, ख्रिस्ती रॅप ऐकतो. गाडीत बसला की मी "बंद कर ती बडबड" म्हणायचो. एकदा शारजाच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकलो, तेव्हा म्हटलं, शब्द वाचून दाखव. त्याने फोनवरून एकेक ओळ वाचली. स्तोत्र ५१ होतं हो, परस्त्रीशी पाप केल्यावरचा दावीद राजाचा पश्चात्ताप, बथशेबेसकट. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्या पापावर एवढं स्पष्ट गीत गायलो नव्हतो.

मग पोरगा म्हणाला, "आता तुमचं." माझं लाडकं गीत, हळुवार, पियानोवालं. तो वाचत गेला. तुझी मिठी, तुझा श्वास, तुझ्याविना मी अपुरा. येशू नाही, प्रभू नाही, क्रूस नाही. मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "हे माझ्यासाठी आहे का? कारण मला कधी म्हटलं नाहीस."

आता घरात एक वही आहे. नवीन गीत आलं की आधी हाताने उतरवायचं, मग गायचं. हाताने लिहिताना पोकळ ओळ लगेच कळते, पेन थांबतं.

नगरचा कॉर्नेट

आमचं घराणं मुक्तिफौजेचं (साल्वेशन आर्मी). फौज मुंबईत १८८२ साली उतरली, ती बँड वाजवत रस्त्यावरूनच. विलायतेत यांनी दारूच्या गुत्त्यातल्या चाली उचलून त्यावर गीतं रचली, कारण त्या लोकांना तेवढ्याच येत होत्या. पेटीमास्तर, तुमचे मेंढपाळ थोडे अजून घोकून घेतले असते तर चाललं असतं.

सेमिनरीतला

माझं मत धाग्याच्या सुरुवातीशी जुळतं, भांडायचं तर वाद्यावरून नको, शब्दांवरून. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या २०१३ साली निघालेल्या नव्या गीतपुस्तकात 'इन ख्राइस्ट अलोन' घ्यायचं ठरत होतं. त्यात क्रुसावर देवाचा क्रोध शमला अशी ओळ आहे. समितीला त्याजागी देवाची प्रीती हवी होती. रचनाकारांनी बदलायला नकार दिला, समितीने गीतच गाळलं. मी ती ओळ गातो, मला ती पटते. पण समितीचाही मला राग येत नाही. निदान ओळीवरून भांडले! आमच्या होस्टेलमध्ये नव्या गीतावर पहिला प्रश्न असतो, स्केल काय?

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. गीत शास्त्राला धरून आहे, पण ते ज्या मोठ्या चर्चकडून आलं त्यांची शिकवण पटत नाही. मग काय करायचं? परवाना घेऊन गायलं तर पैसेही तिकडेच जातात. आमचे एक सर म्हणतात, विहिरीचं पाणी बघ, मालक बघू नकोस. दुसरे सर म्हणतात, तहान लागली की माणूस पुन्हा त्याच विहिरीवर जातो. परीक्षेत दोघांना वेगवेगळं उत्तर लिहिलं, दोन्हीकडे पास झालो.

कॅसेटवाला

नव्वदच्या दशकात तरुणांच्या शिबिरात एका वक्त्याने कॅसेट उलटी वाजवून त्यात सैतानाचा आवाज ऐकवला. आम्हाला तो ऐकूही आला, कारण काय ऐकू येणार ते आधीच सांगितलं होतं. घरी येऊन मी पोत्यात भरून अठ्ठावीस कॅसेटी वरवंट्याने फोडल्या. त्यात ताईची एक होती, मिशनच्या शाळेतल्या तिच्या वर्गाने गायलेल्या नाताळगीतांची. लेबल इंग्रजीत होतं आणि मी वाचलं नव्हतं. तिच्याकडे त्या वयातल्या आवाजाचा तेवढाच पुरावा होता. ती काही बोलली नाही. तीस वर्षं झाली, अजून नाही.

ड्रम्स, पुणे

मास्तर, मीच तो मुलगा. तुमची पेटी नि मोशे वाचून कळलंच.

काका डिस्को म्हणाले त्याचं मला काही वाटलं नाही, काका सगळ्यालाच डिस्को म्हणतात. तुम्ही गप्प बसलात त्याचं वाटलं. यादी आली तेव्हा मला वाटलं, तुम्हालाही ड्रमचाच त्रास आहे. डायलिसिसचं मला तेव्हा सांगितलं असतं तर मीच ती ओळ काढली असती. त्या काकूंच्या घरून मीच दर गुरुवारी रिक्षा करून देतो.

पेटीमास्तर, पुणे

चुकलं माझं. या शनिवारी साडेपाचला ये, बाकीचे यायच्या आधी. दुसरं कडवं गाळून चालतं का ते पेटीवर बघू. आणि ड्रमला गोधडी टाकून आण, हॉल घुमतो.