जुन्या कब कॅडेट १४५० ला स्नो थ्रोअर बसवायचा आहे

ओंटारियोकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बागेचा छोटा ट्रॅक्टर कब कॅडेट १४५०, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या काळातला. कोहलर के-३२१ इंजिन, १४ हॉर्सपॉवर, हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारं) ट्रान्समिशन, इलेक्ट्रिक पीटीओ (जोडलेल्या अवजाराला इंजिनची ताकद देणारी पुली) क्लच. लिफ्ट हाताच्या लीव्हरची. मागची टायर २३×१०.५०-१२, हिरवळीवर चालणाऱ्या नक्षीची. त्याच्यासाठी ४२ इंची क्यूए-४२ए थ्रोअर मिळतो आहे. ऑगर (बर्फ ओढणारा मळसूत्री दांडा) हाताने फिरतो, चेन गंजलेली आहे, पट्टा नाही.

ठिकाण रोचेस्टर, न्यू यॉर्क. ड्राइव्हवे १५० फूट, निम्मा डांबरी, निम्मा खडीचा, शेवटी चढ. घेण्याआधी काय तपासू? बसवताना काय चुकतं? आणि ओंटारियो सरोवरावरून येणारा ओला बर्फ हा थ्रोअर फेकेल का?

लोखंडी_घोडा

आधी विकणाऱ्याला विचारा, थ्रोअर कुठल्या मॉडेलवरून काढला आहे. १९७१ पासून कब कॅडेटची चौकट रुंद झाली. थ्रोअर अरुंद चौकटीच्या ट्रॅक्टरवरचा असेल तर जोडणीचे भाग आणि पट्टा दोन्ही जुळवावे लागतील. लिफ्टची जोडदांडी आणि मदतीची स्प्रिंग सोबत आहे का तेही बघा. हाताच्या लिफ्टवर ती स्प्रिंग नसेल तर प्रत्येक फेरीला थ्रोअर उचलताना खांदा भरून येईल, आणि हे भाग सुटे शोधायला वेळ जातो.

मग थ्रोअरचा गिअरबॉक्स. प्लग उघडून काडी बुडवा. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. नुसतं तेल बदलून भागणार नाही, सीलही बदला. पुली धरून शाफ्ट वरखाली हलवून बघा. खटखट जाणवली तर बेअरिंग गेलं. ऑगर एक पूर्ण फेरा सावकाश फिरवा, मध्येच अडकला किंवा खरखरला तर दात बघावे लागतील. गंजलेल्या चेनची चिंता करू नका, ती स्वस्त आहे. चेन अर्धा इंच पिचची (दोन पिनांमधलं अंतर) असेल तर २४ कड्या म्हणजे १२ इंच व्हायला हव्यात. सव्वाबारा भरल्या तर टाकून द्या. पण स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात एका बाजूला हुकासारखे वळले असतील तर तेही बदला, नाहीतर नवी चेन त्याच हंगामात खराब होईल.

बसवण्याचा क्रम असा. गवत कापायचा डेक आणि म्यूल ड्राइव्ह (डेकचा पट्टा वळवणाऱ्या पुलींची जोडणी) काढा. १४५० मध्ये क्रँकशाफ्ट लांबीच्या दिशेने आहे आणि पीटीओ पुढे तोंड करून, त्यामुळे थ्रोअरचा पट्टा सरळ पुलीवरून पुलीवर जातो, पीळ द्यावा लागत नाही. समोरची जोडणीची जागा तारेच्या ब्रशने घासून ग्रीस लावा. सपाट जमिनीवर थ्रोअर ठेवून ट्रॅक्टर हळू पुढे घ्या, लॅच बसवा, लिफ्टची दांडी जोडा, पट्टा सगळ्यात शेवटी. हे सगळं इंजिन बंद आणि किल्ली खिशात असताना.

खरा घोळ पट्ट्यात होतो. दोन्ही पुलींच्या तोंडावर सरळ पट्टी लावा. पाव इंचाचा फरकसुद्धा पट्ट्याची एक कड कुरतडतो. स्प्रिंगवाला आयडलर (पट्ट्याला ताण देणारी मोकळी पुली) पट्ट्याच्या ढिल्या बाजूला हवा. ओढीच्या बाजूला बसला तर भार आला की स्प्रिंग ताणली जाते, पट्टा ढिला पडतो आणि उडतो. पीटीओ कुठल्या दिशेने फिरतो ते आधी बघून घ्या, म्हणजे ओढीची बाजू कोणती ते कळेल. शिवाय थ्रोअर उचलला की दोन पुलींमधलं अंतर बदलतं. ताण खाली टेकवून आणि पूर्ण वर उचलून, दोन्हीकडे बघा. पट्टा न उडण्यासाठी पुलीजवळ जे हुक असतात ते पट्ट्यापासून साधारण अष्टमांश इंच लांब ठेवा.

मिनेसोटाची_मावशी

वरचं सगळं बरोबर, पण मागच्या चाकांचं बघा. समोर एवढं लोखंड लटकल्यावर मागची चाकं हलकी होतात, आणि गवताची नक्षी बर्फावर जागच्या जागी फिरते. चढावर तर हमखास. टायरवर घालायच्या चेन लागतीलच. दोन कड्यांच्या अंतराने आडव्या असलेल्या घ्या, चार कड्यांच्या नकोत. त्यात चाक दोन आडव्या चेनमध्ये घसरतं. बसवल्यावर चाक हाताने फिरवून आतल्या बाजूला आणि फेंडरला चेन घासत नाही ना, ते बघा.

वजनासाठी चाकांना लोखंडी वजनं लावा किंवा टायरमध्ये द्रव भरा. व्हॉल्व्ह वर, घड्याळाच्या बाराच्या जागी ठेवून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत भरलं की पाऊण टायर भरतं. काच धुण्याचं उणे २० फॅरनहाइटचं पाणी गॅलनला साधारण ८ पौंड, बिटाच्या रसाचं द्रव पावणेअकराच्या आसपास. कॅल्शियम क्लोराइडही जड असतं, पण ट्यूब नसेल तर रिम खातं. जुन्या रिमवर ते नकोच.

दुसरं, हायड्रोचं तेल. थंडीत इंजिन सुरू होतं पण ट्रॅक्टर हलत नाही, याचं नेहमीचं कारण तेलातलं पाणी. ते गोठून फिल्टर तुंबवतं. तेल दुधाळ दिसत असेल तर आत्ताच बदला: हाय-ट्रान, ७ क्वार्ट, आणि नवा फिल्टर. इंजिनमध्ये ३२ फॅरनहाइटच्या खाली ५डब्ल्यू-३० घाला. बॅटरी चांगली असू द्या. व्होल्टेज पडलं की इलेक्ट्रिक क्लच घसरतो आणि लोक विनाकारण पट्ट्याला दोष देतात.

बफेलोवाला

ओल्या बर्फाबद्दल. हा एकाच टप्प्याचा थ्रोअर आहे, म्हणजे ऑगरच बर्फ गोळा करतो आणि तोच फेकतो. वेगळा पंखा नाही. कोरडा बर्फ छान उडतो. चिखलासारखा बर्फ शूटमध्ये (बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळकांड्यात) चिकटतो, आणि हळू गेलात तर जास्तच चिकटतो, कारण मागून ढकलायला पुरेसा माल येत नाही. पीटीओ कमी थ्रॉटलवर जोडा, मग इंजिन पूर्ण ३६०० आरपीएमवर न्या आणि तिथेच ठेवा. वेग फक्त हायड्रोच्या लीव्हरने कमीजास्त करा. शूटची आतली बाजू घासून, रंगवून मेण किंवा सिलिकॉन मारा. गंजलेल्या पत्र्यावर काहीही मारलं तरी टिकत नाही.

रस्त्यावरचा प्लाऊ ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो बांध टाकून जातो, तो मात्र अर्ध्या रुंदीने, रांगत घ्या. धडक देऊ नका, जोडणीच्या पिना वाकतात.

खडीवर स्किड शू (थ्रोअरच्या कडेचे घसरते पाय) अशा लावा की खालची पट्टी इंचभर वर राहील. पहिले एकदोन बर्फ दाबून कडक थर होऊ दे. डांबरावर अष्टमांश इंच पुरे. खडी असताना शूट घराकडे, गाडीकडे, माणसांकडे कधीच नको. तुंबलं तर इंजिन बंद, किल्ली बाहेर, आणि काठीनेच काढायचं. सुरक्षेचा एखादा स्विच बायपास केलेला असेल तर आधी तो पूर्ववत करा. जुन्या ट्रॅक्टरवर हे फार वेळा केलेलं असतं.

ओंटारियोकाठ

खूप आभार. स्प्रिंग आणि दांडी सोबत आहे, गिअरबॉक्सचं तेल स्वच्छ निघालं, ट्रॅक्टर रुंद चौकटीचाच आहे. पट्ट्याचा नंबर मात्र कुठेच वाचता येत नाही. माप कसं काढू?

लोखंडी_घोडा

थ्रोअर जमिनीवर टेकवा, आयडलर त्याच्या फिरण्याच्या मधोमध बांधा. न ताणणारी दोरी पट्ट्याच्या वाटेने फिरवा. खाचेत ती पट्ट्याची बाहेरची कड जिथे येईल तिथेच धरा, तळाशी घालू नका. तेच बाहेरचं माप. पुलीची खाच पाऊण इंच नव्हे, पाच अष्टमांश इंच रुंदीच्या पट्ट्याची आहे ना, याची खात्री करा.

दुकानात एक गोष्ट लक्षात ठेवा. ५एल मालिकेत आकडा बाहेरच्या लांबीचा असतो: ५एल५०० म्हणजे ५० इंच. बी मालिकेत तो आतल्या लांबीचा, म्हणून तेवढ्याच लांबीचा पट्टा बी४७. रुंदी दोघांची सारखी. बी४७ ऐवजी बी५० घेतला तर पट्टा तीन इंच लांब पडेल आणि आयडलर शेवटपर्यंत जाऊनही ताण येणार नाही. आयडलर पट्ट्याच्या पाठीवर टेकत असेल तर ॲरामिड दोऱ्याचा, कापडाने मढवलेला पट्टा मागा. साधा पट्टा उलट्या वाकण्याने लवकर तडकतो.