पाकिटावर तारीख हवी की ताजेपणाची टिकली?

शिवाजीपार्क
रविवारी फ्रीज साफ करायला काढला. मुलगी एकेक पाकीट उलटंपालटं करून तारीख वाचत होती आणि बादलीत टाकत होती. अर्धा किलो दह्याचा डबा गेला, तारीख परवाच उलटलेली. मी तो परत काढला. सील उघडलेलं नव्हतं. फोडून पाहिलं तर दही घट्ट, चमचा उभा राहील असं, वास नाही, बुरशी नाही, चव किंचित आंबट. त्याची कढी केली, सगळ्यांनी खाल्ली. पण त्याआधी दोन पाकिटं कचऱ्याच्या गाडीत गेली होती, त्याचं वाईट वाटतंय.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो.

माझं म्हणणं असं. पाकिटावरची तारीख हा कारखान्यात बसून केलेला अंदाज आहे. माल पूर्ण वेळ थंड राहील असं धरून तो छापतात. मे महिन्यात दुपारी पाकीट डिलिव्हरीवाल्याच्या पिशवीत अर्धा तास तापलं तर तारखेला ते कळत नाही, आणि फ्रीजच्या तळाशी नीट गार राहिलं तर तेही कळत नाही. याउलट उष्णता साठत गेली की रंग बदलणाऱ्या टिकल्या आहेत. पल्स पोलिओच्या डोसाची कुपी आठवा. १९९६ पासून तिच्यावर असा चौकोन येतो, तो बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी वापरायची नाही. मासळी खराब होताना सुटणारे अमोनियासारखे वायू ओळखून रंग बदलणारी लेबलंही बनली आहेत. तुर्कस्तानातल्या कोच विद्यापीठाने तर २०२३ मध्ये बॅटरीशिवाय चालणारा, मोबाइलने वाचता येणारा सेन्सर दाखवला. दूध, पनीर, मासळी यांच्यावर अशी टिकली सक्तीची करावी असं मला मनापासून वाटतं.

गिरगावची माई
नाही पटलं. आमच्या घरात वाया जातं ते तारखेमुळे नाही, माप चुकल्यामुळे. तीन माणसं आणि कुकरला भात पाच जणांचा. दहा मिनिटांत सामान दारात यायला लागल्यापासून घरात कोथिंबिरीच्या तीन जुड्या असतात. एक वापरात, एक पिवळी, एक काळी पडलेली. त्या काळ्या जुडीवर टिकली लावून मला काय कळणार? डोळे आहेत की! दूध नासलं की तापवताना फाटतं, तेही कळतं. सासूबाई डाळीचा वास घेऊन सांगायच्या, "संध्याकाळपर्यंत चालेल, उद्या नाही." हे शहाणपण एका पिढीत गेलं तर पुढची पोरं रंग बघितल्याशिवाय पोळीसुद्धा खाणार नाहीत.

परळकर
माई, वासावर इतकी भिस्त नको. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. अन्न नासवणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे वेगळे. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात घ्या. बॅसिलस सिरियसचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष सकाळी खमंग फोडणी दिली तरी जात नाही. वास काही येत नाही. लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडीतही वाढतो. म्हणून भात वाफ निवली की लगेच, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये.

आणि शिवाजीपार्क, तुमच्या टिकलीलाही हेच लागू. ती उष्णता मोजते किंवा सडण्याचे वायू ओळखते, जंतू मोजत नाही. टिकली हिरवी म्हणजे खायला सुरक्षित, असा समज पसरला तर मला भीती वाटते. लसीची कुपी वाचणाऱ्या ताईंना तसं शिकवलेलं असतं. आपल्याला कोण शिकवणार?

वेसावकरीण
मी मासळी विकते, आईच्या टोपलीपासून. आम्ही कल्ले उघडून दाखवतो, लालभडक पाहिजेत. डोळा फुगीर पाहिजे, बोट दाबलं तर मांस परत वर यायला पाहिजे. बंद पाकिटातली सुरमईची तुकडी घेणाऱ्याला यातलं काहीच बघता येत नाही, तिथे टिकली लावा, माझी हरकत नाही. उलट मासळीला काहीतरी लावतात असा संशय गिऱ्हाईक आमच्यावर घेतं, तेव्हा पुरावा असलेला बरा. कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने २०१८ मध्ये मासळी टिकवायला लावलेलं अमोनिया आणि फॉर्मेलिन ओळखणाऱ्या पट्ट्या काढल्या, त्या मला माहीत आहेत.

पण संध्याकाळचं सांगते. सात वाजता माझ्याकडे बोंबील उरलेला असतो. बोंबलात पाणीच जास्त, तो लवकर मऊ पडतो. बर्फात आहे, चांगला आहे, त्याच रात्री तळून खाल्ला तर उत्तम. मी भाव उतरवते, दोन बायका घेऊन जातात. त्यावर टिकली असती आणि ती हिरव्याची जराशी पिवळट झाली असती, तर त्या दोघींनी घेतला असता का? डाग पडलेलं केळं कुणी उचलत नाही, तसंच होणार. घरातला कचरा कमी होईल आणि बाजारातला वाढेल. तो माझ्या अंगावर पडेल.

शिवाजीपार्क
ताई, बोंबलाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. टिकलीला चढत्या रंगांऐवजी दोनच खुणा ठेवल्या, 'चालेल' आणि 'टाका', तर कदाचित निभेल. परळकर, तुमचंही मान्य, टिकलीवर 'सुरक्षित' हा शब्द नकोच.

पण तारखेबद्दल मी मागे हटत नाही. 'बेस्ट बिफोर' म्हणजे चव आणि दर्जा तोवर उत्तम, आणि 'यूज बाय' म्हणजे त्यानंतर खाऊ नका, हा फरक किती घरांत ठाऊक आहे? आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांत एक्सपायरी सक्तीची झाली आणि बेस्ट बिफोर ऐच्छिक. म्हणजे 'संपलं' हा शब्द आणखी ठळक झाला. तिकडे ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने २०२२ मध्ये तीनशेहून जास्त फळं-भाज्यांवरची बेस्ट बिफोर तारीख काढूनच टाकली.

मुलुंड सचिव
आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत होतं. मोठ्या सोसायट्यांनी आपला ओला कचरा आपणच जिरवावा असं महापालिकेने २०१७ मध्ये बजावलं, तेव्हापासून पिंपांवर माझी देखरेख आहे. काय येतं सांगतो. पोळ्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, चार-चार, कडक झालेल्या. भात. बटाट्याची भाजी. गौरी-गणपतीनंतर तर विचारू नका. न फोडलेली पाकिटं आठवड्याला चार-पाच. पोळीवर कुठली टिकली लावणार? माई बरोबर बोलतात. आधी कणीक कमी मळा.

धाकटी
मी इथे सहसा लिहीत नाही. माझी आई पंचवीस वर्षं दादरला घरकाम करत होती. बिस्किटं, चीज, सरबताच्या बाटल्या तिच्या हातात यायच्या त्या तारीख उलटल्यावर. "बघ, चांगलं आहे, घेऊन जा." चांगलं आहे तर तुम्ही का नाही खात, हे आईने कधी विचारलं नाही. मी लहानपणी विचारायचे, ती गप्प बसायची. एकदा चीजला आतून हिरवी बुरशी होती, भावाने अर्धं खाल्ल्यावर दिसली.

मला टिकली हवी आहे. आईच्या हातात पाकीट ठेवताना देणाऱ्यालाही तिचा रंग दिसला असता. आणि जे खाणार नाही हे चार दिवस आधीच माहीत असतं, ते चार दिवस आधी द्या ना.

गिरगावची माई
धाकटे, आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना मीही असंच देत आले आहे. आत्ता उठून फ्रीज बघते.