मदत हवी आहे: चुकून गेलेला मेल परत कसा घ्यायचा? अर्जंट!!

ऐरोलीकर७८
सकाळी एक मेल भलत्यांनाच गेलाय, परत घेता येतो का? सेंटमधून डिलीट केला तरी पुढे दिसतोच आहे म्हणे. रविवारी मीटिंग आहे, प्लीज लवकर सांगा.

घोडबंदरी
जीमेल की आउटलुक? फोनवरून की लॅपटॉपवरून? कुणाला गेला?

जुना_आयटीवाला
आउटलुकमध्ये रिकॉल असतं, सेंटमधला मेल उघडून रिकॉल करा, आम्ही ऑफिसात दर आठवड्याला करतो.

घोडबंदरी
अहो ते एकाच कंपनीतल्या खात्यांमध्ये चालतं. बाहेरच्याला कधीकधी उलट 'अमुक मेल परत मागतायत' असा निरोप जातो, म्हणजे ज्याने वाचला नव्हता तोही आधी तोच उघडतो.

जुना_आयटीवाला
आमच्याकडे चालतं.

ऐरोलीकर७८
जीमेल आहे हो. ट्रान्सहार्बर लोकलमध्ये रबाळ्याला उभ्याउभ्या टाईप केला. सोसायटीचा मेल होता, टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन, खजिनदार काकांनी पाठवलेलं, मी फक्त त्यांनाच लिहिलं की सेक्रेटरीला यात किती सुटतात ते विचारा. तो सगळ्या ८४ फ्लॅटना गेला.

कोपरीची_माई
अगोबाई. रिप्लाय ऑल दाबलंत.

ऐरोलीकर७८
नाही ना! साधा रिप्लायच दाबला, शपथ.

घोडबंदरी
मग सोसायटीचा गूगल ग्रुप असणार. ग्रुपची सेटिंग तशी असली की साध्या रिप्लायलासुद्धा टू मध्ये ग्रुपचाच पत्ता येतो, काकांचा येत नाही. बघा काय आलंय.

ऐरोलीकर७८
हो, ग्रुपचाच आहे 😭

घोडबंदरी
मग गेला तो गेला. ग्रुपचा ॲडमिन ग्रुपच्या पानावरून उडवू शकतो, पण लोकांच्या इनबॉक्सात पोचलेला तिथेच राहतो. ॲडमिन कोण आहे?

ऐरोलीकर७८
सेक्रेटरी.

वाशीवाला
व्हॉट्सॲपवर दोन दिवसांनी पण डिलीट फॉर एव्हरीवन होतं, तुम्ही लोक अजून मेल कशाला वापरता कळत नाही.

कोपरीची_माई
काही उपयोग आहे का याचा आत्ता? ऐरोलीकर, मीटिंगची वाट बघू नका, आज संध्याकाळीच जाऊन भेटा आणि तोंडावर सॉरी म्हणा. मी आमच्या भिशीत असंच एकदा लिहिलं होतं, चार दिवस गप्प बसले तर गोष्ट भलतीकडेच गेली.

घोडबंदरी
पुढच्यासाठी तरी करून ठेवा. कंप्युटरवर जीमेल उघडून सेटिंग्ज, सी ऑल सेटिंग्ज, जनरलमध्ये अनडू सेंड. आधीपासून ५ सेकंद असतात, ३० करा. आणि पार खाली जाऊन सेव्ह चेंजेस दाबा, तिथेच सगळे चुकतात. फोनच्या ॲपमध्ये ही सेटिंग नाहीये. आणि मी तर पत्ता सगळ्यात शेवटी टाकतो, रिप्लाय असेल तर आधी टू पुसून मगच लिहायला घेतो.

जुना_आयटीवाला
३० सेकंदांनी काय होतंय, आउटलुकमध्ये रूल लावला की मेल १२० मिनिटांपर्यंत थांबवून ठेवता येतो.

घोडबंदरी
त्यांच्याकडे जीमेल आहे!!

नेरूळ_सेक्टर६
वॉटरप्रूफिंग कुठलं करताय? आमच्याकडे ब्रिकबॅट कोबा केला, तिसऱ्याच पावसाळ्यात गळायला लागलं. कोटेशन कितीचं आलंय?

ऐरोलीकर७८
त्याच मेलच्या खाली आहे. तो आता परत उघडवत नाही.

सेक्रेटरीचा रिप्लाय आलाय, ग्रुपवरच. 'रविवारी बिलांची फाईल घेऊन येतो, आपणही यावे.' माई, संध्याकाळी किती वाजता जाऊ?