बिग हाउसमधला तुमचा शनिवार

अ‍ॅन आर्बरला कुणी नवीन आलं की मी त्याला मिशिगन स्टेडियम दाखवायला नेतो. आपल्या मिशिगन विद्यापीठाचं अमेरिकन फुटबॉलचं मैदान, लाडाने बिग हाउस. बाहेरून माणूस हमखास म्हणतो, "एवढंच?" कारण स्टेडियमचा बहुतेक भाग जमिनीच्या खाली आहे. गेटातून आत शिरलात की तुम्ही थेट वरच्या काठावर, आणि मैदान खाली खोल, विहिरीत डोकावल्यासारखं. १९२७ साली विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख फील्डिंग योस्ट यांनी हट्टाने बांधून घेतलं तेव्हा ७२,००० जागा होत्या. आज अधिकृत आकडा १,०७,६०१ आहे. तो शेवटचा एक म्हणजे जुने प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायस्लर यांच्या नावाने राखलेली खुर्ची. ती नेमकी कुठली, हे कुणी सांगत नाही. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आणि नोव्हेंबर १९७५ पासून इथल्या प्रत्येक सामन्याला लाखावर माणूस येतो. अपवाद फक्त २०२० च्या करोना हंगामाचा.

आपल्यातले कितीतरी जण इथे शिकून गेले, डेट्रॉइटच्या गाड्यांच्या कंपन्यांत लागले, इथेच राहिले. म्हणून हा धागा. बिग हाउसमधला तुमच्या लक्षात राहिलेला एक शनिवार लिहा. नियम कळलेच पाहिजेत असं नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन, त्याला सहा गुण, एवढ्यावर काम भागतं. हरलेल्या मॅचही चालतील. त्याच जास्त येणार, अशी मला शंका आहेच.

मेकॅनिकल, २००७ ते २००९

शंका खरी करतो. मला अमेरिकेत येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. लॅबमधल्या सीनियरने तिकीट गळ्यात मारलं, "पहिली मॅच आहे, सोपी आहे, मजा येईल." तारीख १ सप्टेंबर २००७. आम्ही देशात पाचव्या नंबरवर आणि समोर अ‍ॅपलेशियन स्टेट, म्हणजे खालच्या विभागातली टीम. ते त्या विभागाचे सलग दोन वर्षांचे विजेते होते, हे सीनियरने सांगितलं नव्हतं. त्यालाही माहीत नसावं.

मला एवढंच कळत होतं की शेजारचे उठले की आपण उठायचं. शेवटी ३४-३२ असे आपण मागे, काही सेकंद उरलेले, आणि तीन गुणांचा फील्ड गोल मारायचा होता, म्हणजे किकने बॉल खांबांमधून काढायचा. किक बसली, बॉल कुणाच्या तरी हातावर आपटला आणि एक लाख माणसांचा आवाज बंद. मिक्सर चालू असताना लाइट जावी तसा. एका कोपऱ्यात काळ्या-सोनेरी कपड्यांतले मूठभर लोक तेवढे नाचत होते. मी शेजारच्या आजोबांना विचारलं, "आपण जिंकलो का?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पुडीत उरलेले शेंगदाणे माझ्या हातात ओतले आणि काही न बोलता पायऱ्या चढू लागले.

इलेक्ट्रिकल, २०११ ते २०१३

आमची सुरुवातही धड नव्हती. ३ सप्टेंबर २०११, वेस्टर्न मिशिगन. विजा चमकायला लागल्या, सगळ्यांना बाहेर काढलं, आणि शेवटी तिसऱ्या क्वार्टरमध्येच मॅच ३४-१० वर गुंडाळली. पाऊस पडला म्हणून खेळ थांबताना लहानपणापासून पाहिलंय, विजेला एवढं घाबरताना पहिल्यांदा पाहिलं. मग लक्षात आलं की आपण उघड्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या बाकावर बसलोय.

पुढच्या शनिवारी, १० सप्टेंबरला, नोत्र दाम. या स्टेडियममधला पहिलावहिला रात्रीचा सामना. आमच्याकडे गणपती बसलेला, चौघांच्या अपार्टमेंटमध्ये मायक्रोवेव्हवर मखर. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. मॅच आठची, म्हणून आरती साडेपाचलाच उरकली. सगळ्यांनी पिवळं घालून या, असं फर्मान होतं. मिशिगनचा तो मक्याच्या दाण्याचा पिवळा माझ्याकडे कुठून असणार? आरतीला घातलेला झब्बा पिवळा होता. तोच घालून गेलो. रांगेत दोन जणांनी कुठून घेतला म्हणून विचारलं.

१,१४,८०४ माणसं होती त्या रात्री. चौथा क्वार्टर सुरू झाला तेव्हा २४-७ असे मागे. आमच्यातला एक जण घरी जायचं म्हणत होता, बाप्पाजवळ समई चालू आहे म्हणून. त्याला धरून बसवला. मग डेनार्ड रॉबिन्सन नावाचा सोळा नंबरचा पोरगा सुटला. बुटांच्या नाड्या न बांधता खेळायचा तो. शेवटच्या सव्वा मिनिटात तीन टचडाउन झाले: आम्ही पुढे, मग तीस सेकंद असताना ते पुढे, मग जेरेमी गॅलनला चौसष्ट यार्डांचा पास, त्याच्या आसपास चिटपाखरू नाही, आणि दोन सेकंद उरले असताना रॉय राउंडट्रीने कोपऱ्यात झेल घेतला. ३५-३१. नंतर कुणी जागचं हलेना. मी एका अनोळखी माणसाच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की त्याचा चष्मा पडला. त्याने तो उचलला आणि मला मिठी मारली.

समई आम्ही गेलो तेव्हाच विझवली होती, हे घरी गेल्यावर कळलं. सकाळी बादलीत विसर्जन केलं. चौघांचेही घसे बसलेले. "मंगलमूर्ती मोरया" इतक्या हळू आवाजात कुणी म्हटलं नसेल. भिंतीपलीकडच्या चिनी शेजाऱ्याला वाटलं असेल, यंदा पोरं सुधारली.

कोलंबसची लेक, अ‍ॅन आर्बरची सून

मी शत्रुपक्षाची, आधीच सांगते. ओहायो स्टेट. मिशिगनशी मॅच असते त्या आठवड्यात आमच्या कँपसवर पाट्यांवरच्या एम अक्षरांवर लाल फुल्या मारतात. नवरा मिशिगनचा. पत्रिका जुळली होती, पण हे कुणी पाहिलं नव्हतं.

३० नोव्हेंबर २०१३, कोलंबसहून तीन तास गाडी चालवून आलो. मी लाल स्वेटर घातला होता. त्याने आत शिरण्याआधी स्वतःचा काळा कोट माझ्या अंगावर चढवला. थंडीसाठी, असं म्हणाला. शेवटची बत्तीस सेकंदं: मिशिगनने टचडाउन केला, आम्ही ४२, ते ४१. एक गुणाची सोपी किक मारली असती तर बरोबरी. त्यांनी दोनसाठी जायचं ठरवलं, म्हणजे किकऐवजी बॉल पुन्हा रेषेपलीकडे न्यायचा आणि दोन गुण घ्यायचे. त्यांच्या डेव्हिन गार्डनरचा पास आमच्या पोराने मध्येच पकडला, संपलं. तो गार्डनर मोडलेल्या पायाने खेळत होता, हे नंतर कळलं.

मी हातांवर बसून राहिले, शप्पथ. तोंडातून आवाज काढला नाही. परतीच्या वाटेवर टोलेडो येईपर्यंत हा अवाक्षर बोलला नाही. टोलेडोला पेट्रोल भरताना म्हणाला, "दोनसाठी जायचा निर्णय बरोबर होता." अजूनही दर नोव्हेंबरला म्हणतो.

ऑटो, निवृत्त, फार्मिंग्टन हिल्स

१९९७, ओहायो स्टेटविरुद्ध २०-१४. आपल्या चार्ल्स वुडसनने पंट, म्हणजे त्यांनी लांब मारलेली किक, पकडला आणि ७८ यार्ड पळाला. आमच्या पुढचा उंच माणूस उभा राहिल्यामुळे मला त्यातले शेवटचे वीस दिसले. बाकीचे टीव्हीवर इतक्या वेळा पाहिलेत की आता सगळे डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगतो.

पब्लिक पॉलिसी, २०१५ ते २०१७

माझ्या बाबांची गोष्ट. बाबा मोजणी खात्यातून निवृत्त, हयात सातारा जिल्ह्यात गेली. सप्टेंबरमध्ये आई-बाबा आले, तेव्हाच्या एका एकतर्फी सामन्याला त्यांना घेऊन गेलो. आईची पर्स गेटवर अडवली. तेव्हा इथे पिशवी आत नेता येत नसे. परत गाडीत ठेवायला गेलो तर आईने त्यातली चिवड्याची पुडी काढून स्वेटरच्या खिशात घातली. मी बघितलं नाही.

पहिला तासभर बाबा कंटाळले. "दोन सेकंद पळतात आणि पाच मिनिटं मीटिंग," असं त्यांचं मत. मग एकदा दहा यार्ड पुरे झाले की नाही यावर वाद पडला आणि बाहेरून दोघं साखळी घेऊन आत आले. दोन टोकांना दोन काठ्या, मध्ये दहा यार्डांची साखळी. ती ताणली, बॉलचं टोक तपासलं, लाखभर माणसं श्वास रोखून. बाबा ताडकन उभे राहिले. "अरे, ही तर मोजणी!" त्यानंतर त्यांना दुसरं काही दिसेना. साखळी ढिली धरली, खालचा माणूस वाकला नाही, खूण नीट रोवली नाही, सगळ्या तक्रारी. आमच्या मागच्या रांगेतल्या बाईंना मी भाषांतर करून सांगत होतो.

मैदानाची मापं विचारली. म्हटलं, दोन्हीकडचे एंड झोन धरून १२० यार्ड लांब, ५३ आणि एक तृतीयांश यार्ड रुंद. त्यांनी तिकिटाच्या मागे हिशेब मांडला. ३६० फूट गुणिले १६० फूट, गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. "एक एकर तेरा गुंठे," बाबा म्हणाले. "आणि त्यासाठी एवढी माणसं भांडतात. मग आपल्याकडे काय वेगळं करायचे?"

धागाकर्ता

तेरा गुंठे मी पण करून पाहिले. बरोबर आहेत, किंचित कमीच. बाबांना नमस्कार सांगा.

केमिकल, २०१४ ते २०१६, मूळ गाव कोल्हापूर

आम्ही शाहू स्टेडियमवर वाढलेली माणसं. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉलची मॅच असली की पेठेत कोण कुणाशी बोलत नाही. त्यामुळे पायानं न खेळायच्या खेळाला ही माणसं फुटबॉल म्हणतात, हेच मला पहिले सहा महिने पटलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर २०१५, मिशिगन स्टेट. शेजारच्या गावची भावकी म्हणा की. दहा सेकंद राहिलेले, आपण २३-२१ पुढं. बॉल फक्त लांब मारायचा, बास. मी मागच्या पोराला म्हटलं, बघ, शेवटी पायाचंच काम पडलं. किक मारणारा ऑस्ट्रेलियन, पायाचा पक्का. बॉल मागं आला आणि त्याच्या हातातनं सुटला. पायातनं नव्हं, हातातनं! तो उचलून त्यांचं पोरगं अडतीस यार्ड पळालं, रेषेच्या आत पडलं, घड्याळात शून्य. २७-२३. पळणाऱ्याचा खुबा निखळला त्या गर्दीत, त्याला स्ट्रेचरवरनं नेला. जिंकणारा दवाखान्यात आणि आम्ही स्वतःच्या पायावर, तरी रडत आम्हीच.

नवरात्र होतं. संध्याकाळी मंडळाचा भोंडला, बायकोला न्यायचं कबूल केलेलं. हॉलमध्ये एका बाजूला बायका हत्तीभोवती फेर धरून गाणी म्हणतायत आणि दुसऱ्या बाजूला खुर्च्यांवर बारा-पंधरा बाप्ये निळ्या जर्सीत, घरात गमी झाल्यासारखे. खिरापत ओळखायची वेळ आली तर कुणी तोंड उघडेना. एक काकू म्हणाल्या, "यांना काय झालंय?" दुसऱ्या म्हणाल्या, "बॉल पडला."

एमबीए, २०१८ ते २०२०

छोटंसं. मुंबई विमानतळ, पहाटे तीन, इमिग्रेशनची रांग. माझ्या डोक्यावर मिशिगनची निळी टोपी. पलीकडच्या रांगेतून एक आजी, नऊवारी, व्हीलचेअरवर, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गो ब्लू." आपली मिशिगनवाल्यांची आरोळी! नातू तिथे शिकतो म्हणे. ही स्टेडियममधली आठवण नाही, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

पब्लिक हेल्थ, पोस्टडॉक, २०२० पासून

मी आले तेव्हा स्टेडियम रिकामं होतं. पहिलं वर्ष घरून काम, भाजीसुद्धा दारात. त्यामुळे २७ नोव्हेंबर २०२१ ला त्या गर्दीत उभी राहिले तेव्हा मला स्कोअरपेक्षा माणसंच दिसत होती. बर्फ पडत होता. दहा वर्षांत ओहायो स्टेटला हरवलं नव्हतं. हसन हॅस्किन्सने पाच टचडाउन केले. तो प्रत्येक वेळी धावण्यापेक्षा ढकलत नेत होता, पोतं ओढल्यासारखा. ४२-२७.

संपल्यावर पोरं भिंतीवरून मैदानात उतरायला लागली. मी चौतीस वर्षांची, डॉक्टरेट झालेली बाई. खाली बघितलं, एका मुलीने हात दिला, उतरले. मैदानात काय केलं? काहीच नाही. सगळे नुसते उभे होते, एकमेकांच्या इतके जवळ की बर्फ अंगावर पडत नव्हता, डोक्यावर पडत होता. दीड वर्ष सहा फुटांचं अंतर मोजलं होतं. मी मुद्दाम जास्त वेळ थांबले.

तिथलं गवत खोटं असतं, त्यात रबराचे बारीक काळे दाणे भरलेले असतात. ते बुटातून, मोज्यांतून घरभर आले. आठवडाभर गालिच्यावर मोहरी सांडल्यासारखी दिसत होती. आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, झाडू मार. मी मारला नाही.

कँटन, दोन मुलांची आई

माझी आवडती मॅच मी पाहिलीच नाही. मुलीच्या शाळेच्या बँडसाठी निधी जमवायला आम्ही पालक स्टेडियममधल्या खाण्याच्या स्टॉलवर उभे राहतो. २५ नोव्हेंबर २०२३, पुन्हा ओहायो स्टेट. प्रेक्षकांच्या बाकांच्या मागे, काँक्रीटच्या बोळात, हातात हॉट चॉकलेटचा नळ. मॅच ऐकायची असते तिथे. आवाजावरून कळायला लागतं: गोंगाट म्हणजे बॉल त्यांच्याकडे, कुजबुज म्हणजे आपल्याकडे, पाय आपटले की काहीतरी जवळ आलंय.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये सगळं एकदम थांबलं. इतकं की आमच्या पॉपकॉर्नच्या मशीनचा आवाज मोठा वाटायला लागला. झॅक झिंटर नावाच्या आपल्या खेळाडूचा पाय मोडला होता, हे बाहेरून धावत आलेल्या एका बाईंनी सांगितलं. गाडीवर घालून त्याला नेलं. काउंटरवर रांग होती, पण कुणी ऑर्डर देईना. आम्हीही विचारलं नाही.

मग खेळ सुरू झाला, आणि पुढच्याच चालीला वरचं काँक्रीट हललं. अक्षरशः हललं, कपांचा मनोरा कलंडला. ब्लेक कोरम बावीस यार्ड पळाला होता आणि बोटांनी झिंटरचा नंबर, पासष्ट, दाखवत होता. हे मी रात्री घरी बघितलं. त्या क्षणी मला फक्त एवढं दिसलं की समोरचं गिऱ्हाईक, दाढीवाला भलामोठा माणूस, पैसे दिलेला कप काउंटरवर तसाच सोडून बोगद्याकडे धावत सुटला.

तो परत आलाच नाही. पंधरा मिनिटं वाट पाहिली. मग तो कप मीच प्यायले.