मदत हवी आहे : तांडेलाचा निर्णय आणि किनाऱ्याची सुरक्षा, अभ्यास कसा करावा?

सप्रेम नमस्कार. रत्नागिरी परिसरातील मच्छीमार नौकांवरील तांडेलाच्या (नौकेच्या प्रमुखाच्या) नेतृत्वाचा मानसशास्त्रीय अभ्यास करताना मी एका ठिकाणी अडलो आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी मानवी कर्तृत्वाचे तीन प्रकार मांडले : स्वतः करणे, दुसऱ्याकरवी करवून घेणे आणि मिळून करणे. किनाऱ्याच्या सुरक्षेबाबत नौकेवर यांतला कोणता प्रकार चालतो, हे मला पाहायचे आहे. १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीला स्फोटके उतरवली गेली, २००८ मध्ये हल्लेखोर अपहृत मच्छीमार नौकेतून मुंबईकडे आले, आणि पुढे मच्छीमारांना सुरक्षा यंत्रणेचे ‘डोळे आणि कान’ म्हटले जाऊ लागले. (जाळे ओढताना कान इंजिनाकडे असतात, ही गोष्ट वेगळी.)

संशयास्पद नौका दिसली, तर सागरी पोलिसांच्या १०९३ या मदत क्रमांकावर कळवायचे की नाही हे बहुधा तांडेलच ठरवतो. खलाशी त्याच्या तोंडाकडे पाहतात. जवळपास आणखी नौका असतील, तर लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ च्या प्रयोगांत दाखवल्याप्रमाणे जबाबदारी सगळ्यांत विभागली जाऊन कोणीच कळवत नाही, असे होत असेल का? की चौकशीत मासेमारीचा दिवस बुडेल, ही रास्त भीतीच खरे कारण असेल? ही दोन कारणे वेगळी कशी काढावीत? प्रश्नावलीत सगळेच ‘आम्ही कळवतो’ असे लिहितात.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात काल्पनिक प्रसंग सांगून मुलाखती घेण्याचा विचार आहे. तांडेल आणि खलाशी यांना स्वतंत्रपणे भेटावे का, आणि उत्तर देणारा अडचणीत येणार नाही असे प्रसंग कसे रचावेत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.